येणारे पाणी आणि जाणारे पाणी : इंदूरच्या जलनियोजनाची शंभर वर्षे



इंदुरातल्या मराठी घरांत एक प्रश्न रोज विचारला जातो : "आज नर्मदा येणार आहे का?" पुण्या-मुंबईकडून आलेला पाहुणा तो ऐकून क्षणभर चकित होतो. आपल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. नळाला येते ते नर्मदेचे पाणी, म्हणून नळ म्हणजेच नर्मदा. उरलेले सगळे 'बोरिंग'. एक दिवसाआड येणारी ही नर्मदा टाकीत, पिंपात, घागरीत भरून ठेवण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. मात्र या पहिल्या प्रश्नाला जोडून येणारा दुसरा प्रश्न आपल्या घरांत कधी ऐकू आला नाही : "आपली नर्मदा जाते कुठे?"

आजचे माझे व्याख्यान या दोन प्रश्नांच्या इतिहासावर आहे. पहिल्या प्रश्नासाठी या शहराने आंदोलने केली, योजना आखल्या, कोट्यवधी रुपये खर्च केले. दुसरा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने इंदूरच्या रस्त्यावर, भर दिवाळीत, वाजतगाजत विचारला होता. पुढे आपण तो विसरलो. त्या विसरण्याची किंमत काय झाली, ते पाहू.

आधी थोडा भूगोल सांगितला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. पठाराचा उतार उत्तरेकडे. दक्षिणेला थोड्याच अंतरावर विंध्याची कड. महूजवळचा जानापाव डोंगर हे चंबळेचे उगमस्थान. या कडेच्या उत्तरेला पडलेला पावसाचा थेंब क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळतो. दक्षिणेला पडलेला थेंब घाट उतरून नर्मदेवाटे अरबी समुद्राला जातो. म्हणजे आपण पाणी पितो ते पश्चिम समुद्राच्या वाटणीचे आणि वापरून सोडतो ते पूर्व समुद्राच्या दिशेने. दोन खोऱ्यांना जोडणारे हे काम निसर्गाने केलेले नाही. ते आपल्या नळांनी आणि आपल्या मोऱ्यांनी केले आहे.

शहराची स्वतःची नदी आहे ती खान, जिला आता अधिकृत लेखनात कान्ह म्हणतात. तिला शहरातच सरस्वती येऊन मिळते. जुने इंदूर या नद्यांच्या काठी वाढले. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या खानच्या काठावर उभ्या आहेत. राजघराण्याने आपल्या पूर्वजांच्या स्मृतीसाठी ज्या काठाची निवड केली, तो काठ त्या काळी नाक दाबून ओलांडण्याचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको. खान पुढे उत्तरेकडे वाहत जाऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिसळते. हे नाव लक्षात ठेवावे. आपल्याला पुन्हा तिथे जायचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरची वस्ती लाखाच्या आतच होती. पाणी वाड्यांतल्या आडांचे, सार्वजनिक विहिरी-बावड्यांचे आणि गावाबाहेरच्या तलावांचे. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग माळव्यातही पोहोचला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. त्यात हिवतापाची भर. अशा शहरासाठी योजना आखायला तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थाला पाचारण केले.

गेडिस (१८५४–१९३२) मूळचा जीवशास्त्रज्ञ. त्याचा आवडता विचार म्हणजे 'खोऱ्याचा छेद'. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे उभे कापून पाहिले, तर वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मध्ये मेंढपाळ, खाली शेतकरी आणि माळी, तळाशी कोळी अशी माणसांची साखळी दिसते. शहर हे या साखळीतला एक मणी आहे. म्हणून ज्याला शहराचा विचार करायचा, त्याने आधी खोऱ्याचा विचार करावा, असे तो सांगे. नदीखोरे हा नियोजनाचा घटक मानण्याची आजची सरकारी परिभाषा रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

त्याचा दुसरा आग्रह असा की, नियोजन ही लोकांना दाखवण्याची, समजावण्याची गोष्ट आहे. १९१४ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याच्यासाठी नगररचनेचे एक मोठे प्रदर्शन जहाजाने येत होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. गेडिसने हार न मानता नवे नकाशे, नवी चित्रे जमवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवलेच. त्यानंतर तो गावोगाव पायी हिंडला. १९१६ मध्ये त्याने बडोद्यासाठी अहवाल लिहिला. इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये येथील होळकर सरकारच्या छापखान्यात दोन खंडांत छापला गेला. पुढे १९१९ पासून तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्या अहवालातला पाण्याविषयीचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. शहराचे सांडपाणी जमिनीखालच्या मोठ्या नळांतून वाहून नेण्याची खर्चिक योजना त्या काळी पुढे आली होती. गेडिसने तिच्यावर सविस्तर टीका केली. त्याचे म्हणणे असे : युरोपच्या शहरांनी एकोणिसाव्या शतकात सारे काही गटारात लोटले आणि आपल्या नद्या मारल्या. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याची रीत याच्या उलट आहे. तो सारे काही मातीला परत देतो. मग शहरानेही तेच करावे. मैला आणि सांडपाणी नदीत न सोडता बागांना, मळ्यांना द्यावे. नदीकाठ उकिरड्यातून सोडवून तिथे बागा कराव्यात. जुन्या विहिरी आणि तलाव यांच्याविषयीही त्याचे मत ठाम होते. डासांच्या भीतीने तलाव बुजवण्यापेक्षा त्यांत मासे सोडावेत, बदके पाळावीत, ती अळ्या खातील. नळ कधी ना कधी बिघडणारच, तेव्हा जुन्या विहिरी या गावाचा आयुर्विमा आहेत, तो कोणी मोडू नये. भारतातल्या आपल्या लिखाणात त्याने ही उपमा आवर्जून वापरली आहे.

पण अहवाल इंग्रजीत, दोन जाडजूड खंडांत. ज्यांच्या गल्लीत उंदीर पडत होते त्यांच्यापैकी तो कोण वाचणार? गेडिसला हे पुरते ठाऊक होते. म्हणून त्याने इंदूरच्या दिवाळीत एक मिरवणूक काढली. तिची हकिकत त्याने स्वतः सांगितलेली आहे आणि अमेलिया डिफ्रीस या त्याच्या शिष्येच्या १९२७ च्या पुस्तकात ती छापलेली आहे. सांगणारा स्वतःच तिचा नायक आहे, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी.

त्याने म्हणे महाराजांकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले. मग दवंडी पिटवली : यंदाच्या दिवाळीत नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल, आणि ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त स्वच्छ, डागडुजी केलेली असतील, जिथे झाडे लावलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. घराघरांतला कचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्था केली. झाले! गल्ल्या-गल्ल्यांत चुरस लागली. वर्षानुवर्षे साठलेली अडगळ निघाली, हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला, उंदीर पकडले गेले, देवळांची रंगरंगोटी झाली.

मिरवणुकीत पुढे हत्ती, घोडेस्वार, लष्करी वाद्ये, पिकांच्या गाड्या. त्यांच्यामागे रोगराईचे राक्षस, रावण, डास आणि प्लेगचा प्रचंड उंदीर, त्याच्या अंगावर हलणाऱ्या पिसवांसह. आणि मग जे आले ते पाहून गाव थबकले असणार. शहराचे सफाई कामगार आले. अंगावर पांढरे स्वच्छ कपडे, फुलांच्या माळा, त्यांच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या, बैलांची शिंगेही रंगवलेली. त्यांच्यामागून उंच सिंहासनावर बसलेली एक नवी देवता : इंदूर नगरी. तिच्या ध्वजावर शहराचा नकाशा काढलेला. नंतर होऊ घातलेल्या इमारतींच्या प्रतिकृती, गवंडी, सुतार, माळी, आणि शेवटी घरोघर वाटण्यासाठी तुळशीची रोपे. संध्याकाळी रावण आणि उंदीर दोघांचे दहन झाले, दारूकाम झाले. पुढे रस्त्याने जाताना लोक आपल्याकडे बोट दाखवून, हा उंदरांना मोहिनी घालणारा म्हातारा साहेब, असे म्हणत, असे गेडिस सांगतो.

श्रोतेहो, या मिरवणुकीकडे मी केवळ गंमत म्हणून पाहत नाही. लोकांना योजना समजावणे म्हणजे काय, याचा हा एक नमुना आहे. गेडिसने लोकांना सूचनापत्रके वाटली नाहीत. त्याने त्यांच्या दिवाळीत, त्यांच्या रावणात, त्यांच्या तुळशीत आपली योजना घातली. अहवाल साहेबाच्या भाषेत होता, मिरवणूक मात्र सर्वांच्या भाषेत होती. आणि तिचा विषय होता घरातून बाहेर जाणारी घाण. ती कोण उचलतो, आणि उचलल्यावर तिचे काय होते. पाणी आले म्हणून जल्लोष पुष्कळ गावांनी केला आहे. गावातून जे बाहेर जाते त्याची मिरवणूक काढणारे गाव विरळा.

तरी इतिहासाच्या अभ्यासकाने टाळ्या वाजवून थांबता कामा नये. प्लेग त्या दिवाळीमुळेच ओसरला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती साथ मुळातच ऋतूंनुसार चढत-उतरत असे. सफाई कामगारांना एक दिवस माळा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती पुन्हा तेच काम आणि गावाच्या लेखी पुन्हा तेच स्थान. शिवाय हे सारे एका राजाच्या मर्जीने झाले. राजाची मर्जी हे एका दिवसाचे भांडवल असते. १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. गेडिसचे काही रस्ते, काही बागा झाल्या. मात्र सांडपाणी मातीला देण्याचा आणि नदीकाठ मोकळा ठेवण्याचा त्याचा मुख्य विचार दोन खंडांतच राहिला.

त्या विचाराचा एक धागा मात्र इंदुरातच वेगळ्या ठिकाणी जिवंत राहिला आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. १९२४ मध्ये येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, राख यांपासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात आपल्या शहराचे नाव असे कोरले गेले आहे. हॉवर्डचे नाव जग घेते. वाडांचे नाव निदान या सभेने तरी घ्यावे.

आता पहिल्या प्रश्नाकडे, येणाऱ्या पाण्याकडे वळू. गाव वाढत होते, तलाव पुरेनात. यशवंतराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला आणि १९३९ पासून त्याचे पाणी इंदूरला येऊ लागले. गंभीर ही क्षिप्रेचीच उपनदी. म्हणजे तोवर इंदूर आपल्याच खोऱ्यातले पाणी पीत होते. स्वातंत्र्यानंतर कापड गिरण्या, व्यापार, शाळा-महाविद्यालये यांमुळे वस्ती झपाट्याने फुगली. १९७१ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. उन्हाळ्यात यशवंत सागर तळ गाठू लागला.

१९७० च्या पावसाळ्यात नर्मदेच्या पाण्यासाठी इंदुरात आंदोलन पेटले. विद्यार्थी पुढे, पण त्यांच्यामागे व्यापारी, वकील, गृहिणी, सारे शहर. मिरवणुका, उपोषणे, बंद. मराठी वाड्यांतल्या बायका रिकामी भांडी घेऊन रस्त्यावर आल्याचे आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिले आहे. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारला योजना मान्य करावी लागली. नर्मदेच्या वाटपाचा तंटा तेव्हा नुकताच लवादापुढे गेला होता. १९७९ च्या निवाड्यात मध्य प्रदेशाच्या वाट्याला १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी आले. पण त्याच्या आधीच, १९७८ मध्ये, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेले पाणी सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास करून, चारशे मीटरहून अधिक चढण चढून इंदुरात पोहोचले. अहिल्याबाईंनी आपली राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला नेली होती. दोनशे वर्षांनी त्याच परिसरातून नर्मदा इंदूरला आली.

ही लोकांनी मिळवलेली योजना होती, आणि त्याबद्दल या शहराचा अभिमान रास्त आहे. गेडिसने लोकांना समजावले होते. इथे लोकांनी सरकारला समजावले. पण घोषणा एकच होती, पाणी आणा. आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाईल, हे ना मागणाऱ्यांनी विचारले, ना देणाऱ्यांनी सांगितले. साधा हिशेब आहे. घरात आलेल्या पाण्यातले बहुतांश पाणी मोरीतून बाहेर पडते. जितकी नर्मदा वाढली, तितकी खान मैली झाली. पावसाळी नदीची बारमाही नदी झाली, पण ती आपल्या सांडपाण्याने.

आता त्रिवेणीला चला. तिथे खान क्षिप्रेला मिळते आणि पुढेच उज्जैनचे घाट सुरू होतात. बारा वर्षांनी तिथे सिंहस्थ भरतो. वाटेतल्या गावांचे शेतकरी वर्षानुवर्षे खानचेच पाणी भाजीपाल्याला देत आले आहेत. गेडिसला सांडपाणी शेतात हवे होते हे खरे, पण त्याच्या मनातले सांडपाणी न्हाणीघराचे आणि मैल्याचे होते. साबणचुरा, रसायने आणि कारखान्यांची घाण मिसळलेले नव्हते. त्याचा उपाय वेळेवर न केल्यामुळे आता तो जसाच्या तसा करताही येत नाही.

क्षिप्रा स्वतः कोरडी पडू लागली, तेव्हा २०१४ मध्ये नर्मदेचेच पाणी उपसून तिच्या उगमाशी, इंदूरजवळच्या उज्जैनी गावी सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचे पाणी घाटांपासून दूर नेण्याकरिता सुमारे १९ किलोमीटरची नळवाहिनी टाकण्यात आली. थांबून विचार केला तर चित्र असे दिसते. एक नर्मदा आपण पितो. तीच वापरून खानमध्ये सोडतो. ती क्षिप्रेत मिसळू नये म्हणून नळातून वळवतो. आणि क्षिप्रेत स्नानासाठी दुसरी नर्मदा आणून ओततो. प्रत्येक पायरीला पंप, वीज आणि पैसा. शंभर वर्षांपूर्वी विचारलेला एक प्रश्न टाळला, त्याचे हे व्याज आहे.

आणि विहिरींचे काय झाले? नळ आला तसा वाड्यांतल्या आडांवर झाकणे पडली. कुणी त्यावर खोली बांधली, कुणी फरसबंदी केली. २०२३ च्या रामनवमीला पटेल नगरातल्या एका देवळात होम चालू असताना जमीन खचली. खाली जुनी बावडी होती, तिच्यावर स्लॅब घातलेला होता. ३६ माणसे गेली. आपल्या पायाखाली पाणी आहे याचा विसर पडणे ही केवळ भावनेची गोष्ट नाही, हे त्या दिवशी शहराला कळले. ज्याला गेडिस आयुर्विमा म्हणत होता, तो आपण बुजवला आणि बुजवल्याचेही विसरलो.

निराशेने शेवट करावा असे मात्र नाही. २०१७ पासून इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षामागून वर्षे पहिले येत आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय घराघराला लागली, सकाळी कचऱ्याच्या गाडीवरचे गाणे लहान पोरांच्या तोंडी बसले. गल्लीगल्लीतली चुरस, गाणे, सणासारखा उत्साह. गेडिसची दिवाळी जणू रोज निघते आहे. २०२१ मध्ये सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठीही शहराला देशातले पहिले मानांकन मिळाले. लोकांना समजेल अशा रीतीने सांगितले तर हे शहर ऐकते, हे यातून सिद्ध झाले आहे. उरले आहे ते इतकेच की, ही समज शहराच्या वेशीपाशी थांबू नये. नदी वेशीपाशी थांबत नाही. आपल्या स्वच्छतेची खरी परीक्षा राजवाड्यासमोर नाही. ती त्रिवेणीच्या घाटावर, आपल्या शेजाऱ्यांच्या ओंजळीत आहे.

यात आपल्यासारख्या साहित्य सभेचे काम काय, असे कुणी विचारील. माझ्या मते दोन कामे आहेत. आपल्या घरांमध्ये जुनी दप्तरे आहेत, वाड्यांचे नकाशे आहेत, आजी-आजोबांच्या आठवणी आहेत. कोणत्या वाड्यात आड होता, त्याला पाणी किती हातांवर लागे, तो केव्हा आणि का बुजवला, हे लिहून ठेवणे हे एक काम. कोणत्याही कचेरीत ही माहिती मिळणार नाही. ती फक्त इथे बसलेल्या घरांत आहे आणि ती घरेही आता एकेक करून पाडली जात आहेत. दुसरे काम त्याहून सोपे. वर्षातून एकदा, पाऊस संपला की, सभेची एक सहल काढावी. ती मांडवगडला नको, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून खानच्या काठाकाठाने त्रिवेणीपर्यंत काढावी. मुलांना बरोबर न्यावे.

म्हणजे मग पुढच्या वेळी घरात कुणी विचारले, "आज नर्मदा येणार आहे का?" तर एखादे लहान पोर उलट विचारील, "आणि मग ती जाणार कुठे?" त्या पोराला उत्तर देण्याची तयारी आपण ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.